अचूक यंत्रणांची देखभाल-दुरुस्ती शिकायची आहे, संस्था कशी निवडू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की हे प्रश्न येऊ लागतात आणि कॅप राउंड (केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या) संपेपर्यंत येतच राहतात. उत्तरे महाराष्ट्रातील प्रवेशपद्धती धरून दिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘प्रिसिजन सिस्टिम्स मेंटेनन्स’ नावाची पदवी महाराष्ट्रात कुठे मिळते?

या नावाने शोधू नका, सापडणार नाही. हे नाव अमेरिकेतील अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातून आले आहे. तिथे घड्याळे, कुलपे, वाद्ये, बंदुका अशा नाजूक जोडकामाच्या वस्तूंची दुरुस्ती एका गटात धरतात. परदेशी शिक्षणाच्या वेबसाइट चाळताना ते नाव समोर येते आणि गोंधळ होतो.

आपल्याकडे कारखान्यातील मोजमाप आणि नियंत्रण यंत्रणांची देखभाल शिकायच्या वाटा अशा: आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड, पॉलिटेक्निकचा इन्स्ट्रुमेंटेशनचा तीन वर्षांचा डिप्लोमा, टूल रूममधील (साचे आणि हत्यारे बनवायला शिकवणाऱ्या संस्थांतील) मेकॅट्रॉनिक्स, आणि इन्स्ट्रुमेंटेशनची बीई किंवा बीटेक. रुग्णालयातील यंत्रांची आवड असेल तर आयटीआयचा टेक्निशियन मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स, त्याच नावाचा डिप्लोमा आणि बायोमेडिकलची पदवी. पुढची उत्तरे मुख्यतः कारखान्याच्या बाजूची आहेत, पण संस्था पारखायची रीत दोन्हीकडे तीच.

२. इन्स्ट्रुमेंटवाला प्लांटमध्ये नेमके काय करतो?

रिॲक्टरचे तापमान, पाइपातील दाब, टाकीची पातळी, प्रवाह ही चार मापे कंट्रोल रूममध्ये खरी दिसावीत आणि तिथून गेलेला हुकूम व्हॉल्व्हने नीट पाळावा, ही त्याची जबाबदारी. रोजचे काम म्हणजे ट्रान्समीटर (माप विजेच्या सिग्नलने कंट्रोल रूमला कळवणारे उपकरण) तपासणे, कॅलिब्रेशन करणे म्हणजे उपकरण मानकाशी ताडणे, व्हॉल्व्ह आणि तो हवा तेवढाच उघडणारा पोझिशनर दुरुस्त करणे, लूपमधील (सेन्सर ते कंट्रोल रूम ते व्हॉल्व्ह या साखळीतील) दोष शोधणे. दोष बहुधा साधाच असतो: जंक्शन बॉक्समध्ये शिरलेले पाणी, सैल झालेले टर्मिनल, तुंबलेली इम्पल्स लाइन (दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणारी बारीक नळी), हवेच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणी किंवा तेल. पण तो रात्री तीन वाजता, प्लांट चालू असताना, ट्रिप (आपोआप बंद) न होऊ देता शोधायचा असतो. म्हणूनच या विद्येत हात किती चालला याला मोल आहे, आणि संस्था निवडतानाही तेच बघायचे.

३. आयटीआय करू, डिप्लोमा करू की थेट डिग्रीकडे जाऊ?

लवकर कमावते व्हायचे असेल आणि हाताने काम करायची खरी आवड असेल तर आयटीआय. दहावीला विज्ञान आणि गणित हवे. या परीक्षेत प्रॅक्टिकलला उत्तीर्ण व्हायला ६० टक्के लागतात, थिअरीला ३३. महत्त्व कशाला आहे ते या आकड्यांवरूनच कळते. आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप करा, तिचे राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या. ते नसलेला उमेदवार बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मागे पडतो.

देखभालीतच राहून सुपरवायझर, इंजिनिअरपर्यंत चढायचे असेल तर डिप्लोमा हा आमच्या मते सगळ्यात भक्कम रस्ता आहे. कंपन्या मेंटेनन्सला डिप्लोमावाले आवर्जून घेतात आणि पदवीचे दार बंद होत नाही (प्रश्न १५). डिग्रीवाला पुढे डिझाइन, प्रोजेक्ट, ऑटोमेशनकडे सरकतो. ज्याला ट्रान्समीटर उघडून बसण्यात आनंद आहे त्याने केवळ मान मिळतो म्हणून डिग्रीला जाऊ नये.

४. इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स आणि ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) यांत फरक काय? नोकरी तर सगळ्यांना तीच लागते असं म्हणतात.

इन्स्ट्रुमेंटेशनचा भर वाहत्या प्रक्रियेवर असतो: रिफायनरी, खत, औषधे, वीज, साखर. मेकॅट्रॉनिक्सचा भर हलत्या यंत्रावर: सीएनसी, रोबो, सर्व्हो मोटर, न्यूमॅटिक्स (दाबाच्या हवेवर चालणारी यंत्रणा), असेंब्ली लाइन. चाकण, वाळूजकडे डोळा असेल तर मेकॅट्रॉनिक्स; तारापूर, पाताळगंगा, रोहा, लोटे, कुरकुंभकडे असेल तर इन्स्ट्रुमेंटेशन. ईअँडटीसीवाल्यांनाही या जागा मिळतात हे खरे, पण कंट्रोल व्हॉल्व्ह, फ्लो मीटर, कॅलिब्रेशन हे त्यांना नोकरीत गेल्यावर शिकावे लागते. भरतीच्या जाहिरातीत शाखेचे नाव स्पष्ट लिहिलेले असते, तिथे मात्र अडते (प्रश्न १८).

५. संस्था मान्यताप्राप्त आहे हे कसं तपासायचं? सगळेच ‘गव्हर्नमेंट ॲप्रूव्हड’ म्हणतात.

बोर्डावरच्या शब्दांवर जाऊ नका, कागद मागा. पॉलिटेक्निक किंवा इंजिनिअरिंग कॉलेज असेल तर चालू शैक्षणिक वर्षाचे एआयसीटीईचे, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे मान्यता-मुदतवाढ पत्र मागा. त्यात शाखा आणि मंजूर जागा लिहिलेल्या असतात. तुमची शाखा त्यातच हवी. कॉलेजला मान्यता आहे पण या शाखेला नाही, असेही असू शकते. डिप्लोमाला त्यावर महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची, म्हणजे एमएसबीटीईची संलग्नता हवी (स्वायत्त संस्थेचा अपवाद प्रश्न ६ मध्ये), पदवीला विद्यापीठाची.

आयटीआयच्या बाबतीत एकच गोष्ट विचारा: या ट्रेडचे, या तुकडीचे प्रमाणपत्र एनसीव्हीटीचे, म्हणजे राष्ट्रीय पातळीचे आहे का? ट्रेडनिहाय, तुकडीनिहाय विचारा. त्याच इमारतीत एका ट्रेडचे एनसीव्हीटी आणि दुसऱ्याचे राज्य पातळीचे असू शकते, आणि केंद्रीय उपक्रमांच्या जाहिरातीत हा फरक नडतो.

६. एनबीए, नॅक, स्वायत्त, एमएसबीटीईची श्रेणी… यातलं नेमकं काय बघू?

एनबीए आणि नॅक या दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था; एनबीए मानांकन शाखेला मिळते, नॅक संपूर्ण संस्थेला. तुम्ही शाखेत प्रवेश घेणार, म्हणून एनबीए अधिक कामाचे. कॉलेजच्या कमानीवर ‘एनबीए मानांकित’ लिहिलेले असते, पण मानांकन कॉम्प्युटर आणि मेकॅनिकलला असते, इन्स्ट्रुमेंटेशनला नाही. मुदतही बघा, संपलेली असू शकते. एमएसबीटीई दरवर्षी बाहेरचे परीक्षक पाठवून संस्थांची शैक्षणिक तपासणी करते, त्याची श्रेणीही विचारून घ्या.

स्वायत्त संस्था अभ्यासक्रम स्वतः ठरवते, परीक्षा स्वतः घेते. स्वायत्तता चांगल्या हातात असेल तर अभ्यासक्रम उद्योगाबरोबर चालतो; नसेल तर फक्त गुण सैल होतात.

हे सगळे शिक्के चाळणीसारखे वापरा. ज्यांच्याकडे काहीच नाही ती नावे गाळा, आणि उरलेल्यांची लॅब जाऊन बघा.

७. कॉलेज बघायला गेलो तर लॅबमध्ये काय बघायचं? आम्हाला तर सगळी यंत्रं सारखीच दिसतात.

शनिवारच्या ‘ओपन हाउस’ला जाऊ नका. कामाच्या दिवशी, प्रॅक्टिकल चालू असताना जा. तांत्रिक ज्ञान नसलेल्या पालकालाही पुढच्या गोष्टी बघता येतात.

पहिली, कॅलिब्रेशनचे स्टिकर. मोजणाऱ्या प्रत्येक मानक उपकरणावर छोटे लेबल असायला हवे: केव्हा तपासले, पुढची तारीख कोणती. पाच वर्षांपूर्वीची तारीख असेल किंवा लेबलच नसेल, तर त्या लॅबमध्ये मुलांना अचूकतेची सवय लागणार नाही. सगळीच उपकरणे दरवर्षी बाहेर पाठवणे कॉलेजला परवडत नाही, हे मान्य. पण निदान एक मुख्य मानक एनएबीएल-मान्य (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या) प्रयोगशाळेकडून तपासून आणलेले असावे आणि बाकीची त्याच्याशी ताडलेली असावीत. ते प्रमाणपत्र मागा. कपाटातून चटकन निघाले तर ते वापरात आहे.

दुसरी, काय-काय आहे. दाबासाठी डेड वेट टेस्टर (वजने ठेवून ठरावीक दाब देणारे मानक), त्याची वजने पूर्ण आणि न गंजलेली. तापमानासाठी ऑइल बाथ किंवा ड्राय ब्लॉक. डेकेड रेझिस्टन्स बॉक्स, म्हणजे हवा तो रोध लावता येणारी पेटी. डीपी (दाबफरक मोजणारा) ट्रान्समीटर, त्याच्या मॅनिफोल्डसकट, म्हणजे व्हॉल्व्हच्या जोडसंचासकट. कंट्रोल व्हॉल्व्ह, पोझिशनर बसवलेला, हवेची लाइन जोडलेली. हार्ट (HART) कम्युनिकेटर, म्हणजे ट्रान्समीटरशी संवाद साधणारे हातातले यंत्र, किंवा प्रोसेस कॅलिब्रेटर. पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक संगणक), आणि त्यावर खरे सेन्सर व मोटर जोडलेले, नुसते दिवे नव्हे. रंगवलेली कट-सेक्शन मॉडेले शिकवायला चांगली, पण त्यांच्यावर दुरुस्ती शिकता येत नाही.

तिसरी, कॉम्प्रेसर. हा लहानसा तपशील फार बोलका आहे. व्हॉल्व्ह, पोझिशनर, आयटूपी कन्व्हर्टर (विजेच्या सिग्नलचे हवेच्या दाबात रूपांतर करणारा) हे सगळे हवेवर चालते. कॉम्प्रेसर बंद असेल, त्याच्यावर धूळ असेल, तर न्यूमॅटिक्सचे एकही प्रॅक्टिकल होत नाही, फाइलमध्ये काहीही लिहिलेले असो.

चौथी, माणशी वेळ. वीस जणांच्या तुकडीला एकच ट्रान्समीटर बेंच असेल तर दोन तासांच्या प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला सहा मिनिटे येतात. एवढ्यात मॅनिफोल्डचे व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने उघडायचे हेही हातात बसत नाही. चार-पाच जणांमागे एक बेंच असेल तर ठीक.

पाचवी, मेट्रॉलॉजी (मोजमापशास्त्र) लॅबमधला एसी आणि भिंतीवरचा थर्मामीटर. लांबीच्या मापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान धरतात. १०० मिमीचा स्टीलचा ब्लॉक ३० अंशांना सुमारे ११.५ मायक्रॉन लांब होतो. ॲल्युमिनियमचा जॉब साधारण त्याच्या दुप्पट. म्हणजे उन्हाळ्यात पंख्याखाली ॲल्युमिनियमचा १०० मिमीचा जॉब स्टीलच्या गेजशी ताडून मोजला, तर सुमारे ११ मायक्रॉनची चूक घरबसल्या आली. मायक्रोमीटरचा एक भाग १० मायक्रॉनचा असतो. ज्या लॅबमध्ये तापमानाची नोंदवहीच नाही, तिथे ही गोष्ट कुणी शिकवत नाही असे समजा.

शेवटी जर्नल. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांची जर्नल शेजारी ठेवून बघा. रीडिंग हुबेहूब सारखी, चढत्या आणि उतरत्या क्रमात एकही फरक नाही, तर ती उतरवलेली आहेत. खऱ्या उपकरणाला थोडा हिस्टरेसिस, म्हणजे चढताना आणि उतरतानाच्या मापात फरक, असतोच.

८. तिथल्या विद्यार्थ्यांना काय विचारावं?

शेवटच्या वर्षाच्या मुलाला, सर आसपास नसताना, मैत्रीने तीन प्रश्न विचारा. उत्तरे इथे देतो आहोत म्हणजे पडताळता येतील.

एक: पीटी १०० या तापमानाच्या सेन्सरला तीन वायर का लावतात? दोनच वायर असतील तर वायरचा रोधही सेन्सरच्या रोधात मिसळतो. जाऊन-येऊन २ ओहम वायरचे असतील तर तापमान सुमारे ५ अंश जास्त दिसते, कारण पीटी १०० मध्ये एका अंशाला साधारण ०.३८५ ओहम फरक पडतो. तिसरी वायर ही चूक वजा करायला असते.

दोन: ट्रान्समीटरच्या सिग्नलमध्ये शून्य टक्क्याला ४ मिलिॲम्पिअरच का, शून्य का नाही? वायर तुटली तर शून्य येते. माप खरेच शून्य आहे की वायर तुटली, हे त्यामुळे वेगळे ओळखता येते.

तीन: ओरिफिसवरचा (प्रवाह मोजायला पाइपात बसवलेल्या भोकाच्या चकतीवरचा) दाबफरक २५ टक्के असेल तर प्रवाह किती? ५० टक्के, कारण प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

पहिली दोन उत्तरे बहुतेकांना यावीत. तिसरे न अडखळता आले तर त्या मुलाने लूप खरोखर चालवला आहे. दोन-तीन मुलांना विचारा. एखादा हुशार सगळीकडे असतो.

९. शिक्षकांबद्दल काय बघायचं?

पीएचडी किती, हे देखभालीच्या शिक्षणात दुय्यम. शाखेत कायमस्वरूपी शिक्षक किती, त्यांतले कारखान्यात काम केलेले किती, आणि लॅब असिस्टंटची जागा भरलेली आहे का, एवढे विचारा. असिस्टंट नसेल तर बिघडलेले उपकरण वर्षभर तसेच पडून राहते.

१०. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ खरं कसं मानायचं?

टक्का विचारू नका, यादी मागा: गेल्या तीन वर्षांची, फक्त तुमच्या शाखेची. प्रत्येक नावापुढे कंपनी, पद आणि नोकरीचे स्वरूप हवे. कंपनीच्या पगारपत्रकावर, ठेकेदाराकडे की ॲप्रेंटिस? ॲप्रेंटिसशिप चांगलीच आहे, पण ते प्रशिक्षण आहे, मुदत संपली की कंपनी ठेवून घेईलच असे नाही. कॉलेज तिला प्लेसमेंट म्हणून मोजत असेल तर आकडा फुगतो. पदात ‘सेल्स’, ‘बीपीओ’, ‘डेटा’ जास्त दिसले तर शाखेचे काम मिळत नाही हे ओघाने आले. शक्य असेल तर दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याशी फोनवर बोला आणि त्याच्या पहिल्या सहा महिन्यांच्या कामाची चौकशी करा.

११. नावं सांगा ना, नेमक्या कोणत्या संस्था?

पदवीसाठी पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ, नांदेडची एसजीजीएस संस्था आणि जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय इथे इन्स्ट्रुमेंटेशन आहे. डिप्लोमाच्या शाखा दरवर्षी उघडतात, बंद होतात, नावे बदलतात. म्हणून तंत्रशिक्षण संचालनालयाच्या त्या वर्षीच्या सीट मॅट्रिक्समध्ये ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ हा शब्द टाकून शोधा; जुन्या यादीवर विसंबू नका.

पॉलिटेक्निकच्या चौकटीबाहेरही उत्तम जागा आहेत आणि पालकांना त्या माहीत नसतात. छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम: टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आणि मेकॅट्रॉनिक्स. तिथे मुले अर्धा वेळ मशिनवर असतात. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही विद्युत मापन उपकरणांची केंद्रीय संस्था आहे; तिच्या स्वतःच्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर चंदीगडचे इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर, १९६३ पासूनचे आणि केंद्राच्या वैज्ञानिक उपकरण संस्थेच्या आवारातले. नेटूर टेक्निकल ट्रेनिंग फाउंडेशन, म्हणजे एनटीटीएफही याच घडणीची. यांचे प्रवेश कॅपमधून होत नाहीत. वेगळा अर्ज, बहुधा वेगळी परीक्षा, आणि मुदत अनेकदा निकालाच्या आधीच संपते. मार्चपासूनच लक्ष ठेवा.

१२. जवळचं कॉलेज बरं की लांबचं नामांकित?

कॉलेजपासून तासाभरात प्रोसेस प्लांट असतील, तर मधल्या प्रतीचे कॉलेजही चांगले ठरते. इंडस्ट्रियल ट्रेनिंग, भेटी, शटडाउनच्या काळातले काम हे सगळे त्या भूगोलावर अवलंबून आहे. ट्रॉम्बे-माहुल, थळ, तारापूर, चंद्रपूर यांच्या जवळपासची मुले शाळेच्या पुस्तकातला व्हॉल्व्ह प्लांटमध्ये बघून येतात. आयटीआय निवडताना ‘ड्युअल सिस्टिम’ची तुकडी आहे का विचारा, त्यात प्रशिक्षणाचा ठरलेला भाग कंपनीतच होतो.

१३. कॅपचा ऑप्शन फॉर्म भरताना काय चुका होतात?

सर्वांत मोठी चूक: कटऑफ बघून क्रम लावणे. क्रम तुमच्या आवडीचा लावा. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा हक्क जात नाही. मात्र पहिल्या राउंडला पहिल्या पर्यायाची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते, पुढच्या राउंडला बदलता येत नाही. म्हणून ‘बघू मिळते का’ म्हणून काहीही पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

दुसरी: ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या जागेचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी ‘टी’ अक्षर असलेला. तो स्वतंत्र भरावा लागतो. साधा कोड आधी लिहिला आणि तो मिळाला, तर फी माफीची जागा हातची गेली.

तिसरी: नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राची मुदत. ते चालू वर्षाच्या ३१ मार्चच्या पुढे वैध असलेले मागतात. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते, एप्रिलमध्येच अर्ज टाका.

१४. फीला पैसे कमी आहेत. काय मदत मिळते?

कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तीन दारे ठोठवा. टीएफडब्ल्यूएस (प्रश्न १३), ज्यात शिकवणी शुल्क पूर्ण माफ, पण नंतर संस्था बदलता येत नाही. महाडीबीटीवरील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आणि तुमच्या प्रवर्गाच्या योजना. मुलगी असेल तर एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती: वर्षाला ५०,००० रुपये, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत, डिप्लोमा आणि पदवी दोन्हींना.

महाडीबीटीचे पैसे उशिरा येतात. पहिल्या हप्त्याची सोय हाताशी ठेवा. बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर मंजूर रक्कमही अडकते.

१५. आयटीआय किंवा बारावीनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं का?

येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय किंवा बारावी विज्ञान केलेल्यांना डिप्लोमाचे दुसरे वर्ष खुले आहे, आणि डिप्लोमावाल्यांना पदवीचे दुसरे वर्ष. आयटीआयहून आलेल्या मुलांचा हात बसलेला असतो, पण गणितात ती पहिल्याच सत्रात अडखळतात. लॉगरिदम, त्रिकोणमिती, साधे डिफरन्शिएशन सुट्टीतच करून घ्या.

१६. मुलाला रंगांधळेपणा आहे. ही शाखा घेऊ का?

प्रवेशाला अडचण नाही, नोकरीला येऊ शकते. वायरचे रंग, कंट्रोल रूमच्या अलार्मचे रंग ओळखावे लागतात आणि रेल्वेसारख्या ठिकाणी वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टी बघतात. बऱ्याच मुलांना आपल्याला हा त्रास आहे हे नोकरीच्या तपासणीतच पहिल्यांदा कळते, तीन वर्षे गेल्यावर. प्रवेशाआधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे इशिहारा चाचणी करून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे. दोष असेल तर मेकॅनिकल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे लांबी, वजन आणि दाबाच्या कॅलिब्रेशनच्या बाजूला तो फार आड येत नाही.

१७. मुलीसाठी हे क्षेत्र कसं आहे?

चांगले आहे. कॅलिब्रेशन प्रयोगशाळा, औषध कंपन्यांतील व्हॅलिडेशन (यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालते याची तपासणी), डीसीएसचे (कंट्रोल रूममधील नियंत्रण संगणकांचे) काम यांत मुली मोठ्या प्रमाणात आहेत. प्लांटमधील शिफ्टची कामेही करतात. रात्रपाळीला सुरक्षितता आणि वाहतुकीच्या अटी कंपनीने पाळाव्या लागतात. कॉलेज निवडताना एवढेच पाहा, की इंडस्ट्रियल ट्रेनिंगला मुलींनाही प्लांटमध्ये पाठवतात, की ऑफिसात बसवून सर्टिफिकेट देतात.

१८. बीएआरसीला (भाभा अणुसंशोधन केंद्रात) जायचं आहे. आत्ता काय लक्षात ठेवू?

दहावीचे गुण. स्टायपेंडरी ट्रेनीच्या (विद्यावेतनावर घेतलेल्या प्रशिक्षणार्थींच्या) आयटीआय गटाला दहावीला ६० टक्के मागतात, डिप्लोमा गटाला डिप्लोमात ६० टक्के. ५९ टक्के असतील तर पुढे आयटीआयला पहिला आला तरी अर्ज बाद. शाखा आणि ट्रेडचे नाव जाहिरातीशी जुळावे लागते, वयाची मर्यादाही कमी असते, म्हणून ड्रॉप घेताना हा हिशेब करा. अर्ज भरताना त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण.

१९. ‘तीन महिन्यांत पीएलसी-स्काडा, नोकरीची हमी’ असे क्लास करावेत का?

डिप्लोमा किंवा डिग्रीच्या वर म्हणून चालतील, त्याऐवजी नाही. फी भरण्याआधी विचारा: पीएलसी माणशी किती, की सगळे सिम्युलेटरवरच? कॅलिब्रेशनच्या छोट्या कोर्ससाठी ज्यांच्याकडे स्वतःची मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहे तिथे जा: मुंबईत आयडेमी, प्रवाहमापनासाठी केरळात पालक्काडची फ्लुइड कंट्रोल रिसर्च इन्स्टिट्यूट.

२०. नोकरी करतो. पत्रद्वारे डिप्लोमा किंवा बीई करू का?

नको. दूरस्थ पद्धतीच्या अभियांत्रिकी पदवी-पदविकेला एआयसीटीईची मान्यता नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये पत्रद्वारा तांत्रिक शिक्षण ग्राह्य धरले नाही. बढतीच्या वेळी कागद नाकारला की पैसे आणि वर्षे दोन्ही जातात. नोकरदारांसाठी एआयसीटीईने मान्यताप्राप्त कॉलेजांतच सोयीच्या वेळेचे वर्ग सुरू केले आहेत. जवळच्या कोणत्या कॉलेजला ती परवानगी आहे ते मान्यतापत्रात बघा (प्रश्न ५).

२१. पुढे आखातात जायचं आहे. आत्ता काय सांभाळावं?

दोन गोष्टी. कुवेतमध्ये इंजिनिअर म्हणून काम करायचे असेल तर तिथली अभियंत्यांची संस्था भारतीय पदवीला एनबीए मानांकन आहे का ते बघते. २०१८ मध्ये यावरून आपल्या अनेक इंजिनिअरांचे परवाने अडले होते. तुमच्या उत्तीर्ण वर्षात शाखा मानांकित होती का, हे महत्त्वाचे. दुसरे, प्रत्येक सत्राची मूळ गुणपत्रिका, प्रमाणपत्र आणि ॲप्रेंटिसशिपचा कागद जपा. देशानुसार ॲपोस्टील किंवा दूतावासाचे साक्षांकन लागते, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी फाइल परत येते. दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट यांवरचे नाव आत्ताच जुळवून घ्या.

२२. शिकून स्वतःचं दुरुस्ती-कॅलिब्रेशनचं काम सुरू करता येईल? परवाना लागतो का?

काय दुरुस्त करता त्यावर आहे. कारखान्याच्या आतली उपकरणे दुरुस्त करायला वेगळा परवाना नाही, पण कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र मोठ्या कंपन्यांत चालावे असे वाटत असेल तर एनएबीएल मान्यता हवी; त्यासाठी आयएसओ १७०२५ प्रमाणे प्रयोगशाळा उभारावी लागते. खरेदी-विक्रीत वापरायचे तराजू, वजने, मापे दुरुस्त करायची तर लीगल मेट्रॉलॉजी ॲक्ट, २००९ खाली वैधमापनशास्त्र विभागाचा दुरुस्तीदाराचा परवाना सक्तीचा आहे. एक्स-रे यंत्रांना हात लावायचा तर अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी. किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा विनापरवाना उघडला, सील तोडले, तर दुकानदारही अडचणीत येतो आणि तुम्हीही.

२३. प्रवेश झाला, आता कळतंय की लॅब यथातथाच आहे. कॉलेज बदलू की इथेच काही करता येईल?

पहिल्या वर्षानंतर बदलीची मुभा असते, पण जागा रिकामी असेल तरच, आणि टीएफडब्ल्यूएसवाल्यांना नाही (प्रश्न १४). तोवर घरी एक छोटा लूप उभा करा. २४ व्होल्ट डीसीचा पुरवठा, २५० ओहमचा रेझिस्टर, बरा मल्टिमीटर आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा भंगारात मिळणारा वापरलेला दोन-वायरचा ट्रान्समीटर. सगळे एका माळेत जोडा आणि रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा: ४ मिलिॲम्पिअरला १ व्होल्ट, १२ ला ३, २० ला ५. मग ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असे चढत जा आणि त्याच बिंदूंवरून उतरत या. चढताना आणि उतरतानाची रीडिंग वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. एखादे टर्मिनल मुद्दाम सैल करून काय दिसते ते बघा. ट्रान्समीटर उघडण्याआधी पुरवठा बंद करा, आणि पोलॅरिटी दोनदा तपासा.